बाहेरची कडी

"या येरीच्या हातात हळदीची वाटी कोनी दिली?"

शेठाणी मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडली. बँजोवाले वाजवायचे थांबले. येरी म्हणजे वेडी. हळदीला जमलेल्या सगळ्या बाया माझ्या आयकडे बघायला लागल्या, आणि मग माझ्याकडे.

आयनं काही केलं नव्हतं. बाया ओळीनं बसल्या होत्या, वाटी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पुढे चालली होती. आयच्या शेजारणीनं सवयीनं तिच्या हातात दिली. आयनं ती दोन्ही हातांनी धरली. पुढे द्यायची एवढंच तिचं काम होतं. तेवढ्यात शेठाणीनं वाटी हिसकावली, मांडवाबाहेर जाऊन उकिरड्यावर ओतली आणि सुनेला सांगितलं, "दुसरी कालव."

मग मला म्हणाली, "बांध हिला कुठंतरी. न्हायतर घरी ने. पन घरी नेलीस तर पंगत कोन वाढनार?"

मी म्हणाले, "चुकलं काकी."

काय चुकलं होतं माझं? आजही सांगता येत नाही. पण ते शब्द जिभेवर तयारच असायचे. शेठच्या गोदामात काम, शेठच्या चाळीत खोली. माणूस जन्माला आल्यापासून वाकलेला असला की त्याला ताठ उभं राहिल्यावरच कंबर दुखते.

मी आयचा हात धरला आणि तिला घरामागच्या खोलीत नेलं. तिथं जास्तीचे टोप, पातेली, घडीच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. एका खुर्चीवर तिला बसवलं. "आलेच," म्हणाले. बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी लावली.

शेठाणीनं कडी लाव असं सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

मग मी पंगत वाढली. वडे, मटण, भात. कुणी काही बोललं की हसत होते. शेठच्या गोदामातल्या आम्ही सगळ्याच बाया त्याच्या घरच्या कार्याला अशा फुकट राबायचो, त्याला मदत म्हणायचे. शेवटची पंगत उठल्यावर ताटात भात घेऊन मागे गेले, कडी काढली.

आय खुर्चीवर नव्हती. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मला बघून पटकन उठली, हात पुढे करून उभी राहिली आणि विचारलं, "जेवनाची घंटी झाली?"

मी तिला वेड्यांच्या इस्पितळातून घरी आणून तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत घंटी विसरली होती ती. मी तासाभरात परत आठवण करून दिली.

माझी आय कोण होती ते सांगायला हवं. आमच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी गाऊन पार पाडते ती धवलारीण. तिच्या धवळ्याच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, मांडव उभा राहत नाही. भटजी येतो, पण आमच्या म्हाताऱ्यांना विचारा, खरं लग्न कोण लावतं. माझी आय धवलारीण. बाप लवकर गेला, आम्हा दोघा भावंडांना तिच्या गळ्यानं जगवलं. भिवंडीपासून वज्रेश्वरीच्या वाटेवर गावोगाव तिला बोलावणं असायचं. बोलावणाऱ्यांत ही शेठाणीही होती. तेव्हा पाट मांडून बसवायची, लुगडं द्यायची, खाली वाकून पाया पडायची.

मग माझा भाऊ नितेश गेला. नाशिकच्या हायवेवर त्याच्या बाइकला कंटेनरनं उडवलं. आय रडली नाही. दिवस घातले, तेराव्याला आलेल्यांना जेवू घातलं, आणि महिन्याभरानं शेठच्या मोठ्या मुलाच्या लग्नात गायला गेली. मी म्हटलं नको जाऊस. ती म्हणाली, "सुपारी घेतलेली हाय."

धवळ्यात नवऱ्याचं नाव घालायचं असतं. एरवी झोपेतही तिचं चुकलं नसतं. त्या दिवशी गाता गाता नवऱ्याच्या नावाच्या जागी ती नितेशचं नाव घेऊन गेली. मेलेल्या पोराचं नाव, भर मांडवात, हळद लागलेल्या नवऱ्यावर. बायका कुजबुजल्या. आयला कळलंच नाही. पुढच्या कडव्यात परत तेच नाव. तिसऱ्या वेळी नवरीकडची माणसं उठून उभी राहिली.

तेव्हापासून ती येरी. त्याच्या आधी तिला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, नितेशचे बूट ती रोज पुसून दारात ठेवायची. ते कुणाला दिसलं नाही, मला दिसत होतं आणि मी म्हणायचे, जाईल हळूहळू. पण शेठच्या मांडवात अपशकुन झाला म्हटल्यावर गाव जागं झालं. ती रस्त्यानं गात जाऊ लागली तशी पोरं दगड मारायला लागली. शेठनं मला बोलावलं, गाडी देतो म्हणाला, ओळखीनं भरती करून देतो म्हणाला. केवढे उपकार! मी हात जोडले.

आय अशी तशी गाडीत बसली नसती. म्हणून मी म्हणाले, "चल, वज्रेश्वरीला जाऊ. नितेशच्या नावानं ओटी भर."

तिनं न्हाऊन घेतलं. चांगलं लुगडं नेसली. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू सगळं ताटात घेतलं, वर रुमाल झाकला. गाडी नाक्यावरून उलट्या दिशेला वळली. आमच्या गावच्या लहान पोरालाही वज्रेश्वरीची वाट माहीत असते, आयला कळणार नाही कसं? पण ती नुसती माझ्या पाठीकडे बघत राहिली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. इस्पितळाच्या दारात आतल्या बाईनं तिच्या हातातलं ताट काढून माझ्या हातात दिलं आणि तिला आत नेलं. त्या ओटीचं मी काय केलं, विचारू नका.

सहा वर्षं ती आत होती. पहिली दोन वर्षं मी भेटायला जायचे. मग दिवाळीला. मग नाहीच. शिफ्ट असते, सुट्टी मिळत नाही, जाऊन येऊन दिवस जातो. कारणांना काय तोटा. माझं लग्न झालं नाही, येरीच्या पोरीला कोण करणार, त्याचाही राग मी मनातल्या मनात तिच्यावरच काढायचे.

इस्पितळातून फोन यायचे. नंबर ओळखीचा झाला होता, मी उचलत नव्हते. वाटायचं पैसे मागतील, नाहीतर मेली म्हणून सांगतील. खरं सांगते, दुसऱ्याची भीती कमी वाटायची.

मग एक दिवस गोदामाच्या गेटवर एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, चष्मा, कापडी पिशवी. रेखाताई. बरी झालेली माणसं इस्पितळातून घरी आणायची आणि घरीच त्यांची काळजी घ्यायची, या कामात होती ती. वॉचमन आत सोडत नव्हता, म्हणून शिफ्ट सुटेपर्यंत उन्हात उभी राहिली होती. मला म्हणाली, "तुमची आई बरी आहे. बरी होऊन दोन वर्षं झाली. घर नाही म्हणून ती तिथं आहे."

तिनं मला बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

रेखाताईनं समजावून सांगितलं. आता गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळतात. ती स्वतः दर आठवड्याला घरी येईल. समाजमंदिराच्या ओट्यावर गुरुवारी अशी माणसं नि त्यांच्या घरचे बसतात, बोलतात. काही बिघडतंय असं वाटलं तर कुणाला फोन करायचा ते ठरलेलं असतं. "इस्पितळ लागतं कधी कधी," ती म्हणाली, "ताप आल्यावर लागतं तसं. पण ताप उतरल्यावर कुणी वॉर्डात संसार मांडत नाही."

मी आयला घरी आणली. प्रेमानं आणली असं म्हणणार नाही. लाजेनं आणली.

घरी आलेली आय म्हणजे एक पाहुणी होती. संडासला जायचं तर विचारायची. अंगावरचे कपडे कुणीतरी काढून घेईल म्हणून घट्ट धरून झोपायची. ताट हातात घेऊन उभी राहायची, बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. आमच्या शेजारी सलमाभाभी राहायची, तिचा नवरा लूमवर कामाला, आजमगढकडची माणसं. मला काळजी की माझ्या ड्युटीच्या वेळी आयजवळ कोण. गावातल्या नात्यातल्या बायांना विचारलं तर एकीची कंबर दुखत होती, दुसरीच्या घरी पापड होते. सलमाभाभीला मी विचारलंही नव्हतं. तीच म्हणाली, "काकी को मेरे पास छोड़ दे, तू ड्युटी पे जा. मैं तो दिनभर घर में ही हूँ, दो बातें करूँगी तो मेरा भी दिन कटेगा."

दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. एक तांदूळ निवडायची, दुसरी लसूण सोलायची. एकदा मी परतले तर आय तिला ओरडत होती, "आगो, बारीक चीर, बारीक!" किती वर्षांनी मी आयचा ओरडा ऐकला. दारातच बसले मी.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. आय गाडीत बसत नव्हती. दवाखाना वज्रेश्वरीच्या रस्त्यालाच. रिक्षा दारात आली की ती उंबऱ्यावर फतकल मारायची, दोन्ही हातांनी चौकट धरायची. मी समजावलं, रागावले, हात ओढला. रेखाताईनं मला बाजूला घेतलं. "कुठं जायचं म्हणून सांगितलं होतं तेव्हा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तर आता दवाखाना इकडे यायला हवा." तिनं डॉक्टरांना गळ घातली, गुरुवारी ते ओट्यावर येऊ लागले. ते आयपुरतंच राहिलं नाही, गावात असे लपवलेले बरेच निघाले. पण माझ्या खोटेपणाची किंमत आय चुकती करत होतीच. माझ्यामुळे माझी आय देवीलाही जाऊ शकत नव्हती.

रेखाताईच म्हणाली होती, तिला माणसांत ने. म्हणून मी शेठच्या धाकट्या मुलाच्या हळदीला आयला घेऊन गेले. आमंत्रण घरटी होतं. मला वाटलं, लोक बघतील, गप्प बसलेली, नीट नेसलेली, आणि विसरतील. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

हळदीनंतर दोन दिवसांनी शेठनं मला गोदामातल्या केबिनमध्ये बोलावलं. एसी लावून बसला होता. आवाज चढवला नाही. मोठी माणसं आवाज चढवत नाहीत, त्यांना लागत नाही.

"तुझी आय हाय, मी समजतो," तो म्हणाला. "पन गावाचा बी बघायला लागतं. पोरांची लग्नं हायेत, बायका घाबरतात. रविवारी गाडी पाठवतो. परत नेऊन सोड. खर्चाचा मी बघतो."

"शेठ, ती बरी आहे."

"बरी हाय तर तिथं बी बरीच राहील." आणि वर, "खोली माझी हाय, काम माझं हाय. जास्त बोलायला लावू नको."

आणि मी म्हणाले, "बरं शेठ."

होय, म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते, पण हे गाळलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. खोली गेली तर जायचं कुठं, काम गेलं तर खायचं काय. मी रेखाताईला सांगितलं नाही. सलमाभाभीच्या नजरेला नजर दिली नाही. आयला काही बोलले नाही. रविवारपर्यंत तिला रोज आवडीचं करून घातलं. बोंबील आणले, तांदळाची भाकरी केली. बळीच्या बोकडाला करतात तसं.

रविवारी सकाळी गाडी आली. तीच नाही, नवी, मोठी, पण ड्रायव्हर तोच. त्यानं हॉर्न दिला. आय चुलीशी बसली होती. मी तिच्यासमोर गेले. काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर आलं, "आय, चल, वज्रेश्वरी..."

आय उठली. या वेळी चौकट धरली नाही. तिनं पदर नीट केला, वळणीवरचं दुसरं लुगडं काढून त्याची घडी केली, बगलेत मारलं. माझ्याजवळ आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"मना म्हाईत हाय कुठं जायचा ते," ती म्हणाली. "मी येतंय. तू खोटा नको बोलू, बाय."

येरी म्हणे! माझं पाप माझ्या तोंडून निघू नये म्हणून ही बाई आपल्या पायांनी परत आत जायला निघाली होती. मला खोटं बोलायची तोशीस नको म्हणून. त्या क्षणी मला माझीच इतकी किळस आली, की भीतीला आत जागाच उरली नाही. हे धाडस नव्हतं. धाडस मला आजही नाही. किळस होती.

मी आयच्या बगलेतलं लुगडं काढून घेतलं, परत वळणीवर टाकलं. बाहेर गेले. ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी परत ने."

"शेठनी सांगितलाय..."

"शेठला सांग, न्यायचं असेल तर स्वतः या."

आला की. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. चाळीतली माणसं दारादारात उभी राहिली. शेठ म्हणाला, "कनाला तमाशा करतेस? तुझ्या आयला तूच टाकलीस ना तिथं? आता लई प्रेम आला?"

ते खरं होतं. सगळ्यात जास्त मला तेच लागलं, आणि त्यानंच मला उभं केलं. मी म्हणाले, "हो शेठ. मीच टाकली. खोटं बोलून टाकली. तुमच्या गाडीतून. म्हणून आता नाही नेणार."

"खोली खाली कर मग."

"करते."

"आजच."

"आजच करते. पण तुम्ही बाजूला व्हा. दारात उभे आहात, सामान काढायचंय."

मला वाटलं नव्हतं, पण तो बाजूला झाला. आणि शेठाणीला, ती मागे उभी होती, मी म्हणाले, "काकी, तुमच्या लग्नातली हळद माझ्या आयच्या गाण्यावर लागली होती. ती पण ओता उकिरड्यावर." तिनं तोंड फिरवलं. सलमाभाभी तेवढी पुढे आली, आयचा हात धरून तिला आपल्या घरात नेऊन बसवलं आणि माझ्याबरोबर भांडी भरायला लागली. शेठची चाळ होती, तिलाही भाडं तिथंच भरायचं होतं.

रेखाताईला त्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं, "बरं शेठ" धरून. ती म्हणाली, "असं कुणाच्या म्हणण्यावर माणूस आत टाकता येत नाही आता. कायदा आहे. तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर तिनं थांबवलं असतं. माझ्यातल्या अर्ध्या बाईला थांबायचं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

आता आम्ही निजामपुऱ्यात राहतो. सलमाभाभीच्या जावेच्या घराच्या वरची खोली. खाली लूम आहेत, दिवसभर खटखट, भिंत थरथरते. मी कपडा तपासायच्या कामाला जाते, पगार गोदामापेक्षा कमी. आय खाली बायांत बसते, बॉबिनी भरायला शिकली. पहिल्या आठवड्यात एकीनं विचारलं, "ये पागलखाने से आई है ना?" आयच म्हणाली, "हां, आई." आणि बॉबिन भरत राहिली. कधी तिचं बिघडतं. तीन-तीन दिवस बोलत नाही, नितेशला हाका मारते. तेव्हा रेखाताई येते, गोळ्या बदलतात, खालच्या बाया आळीपाळीनं बसतात. सगळं गोड झालंय असं समजू नका. आय परत गायलेली नाही. वज्रेश्वरीचं नाव मी घरात काढत नाही.

मी तिची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. माफी मागितली की ती देईल, मला माहीत आहे, लगेच देईल, तोंडावरून हात फिरवेल. मग मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

आय वॉर्डातल्या बायांची नावं घेते. तिच्यासारख्याच, बऱ्या होऊन बसलेल्या. एकीचं घर कल्याणला, एकीचं शहापूरकडे. फोन उचलत नाहीत घरचे. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी रेखाताईबरोबर जाते आणि त्यांच्या गेटवर उभी राहते. मला हाकलतात, शिव्या देतात, एकानं कुत्रा सोडला. मी हलत नाही. फोन न उचलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. त्यांना मी एवढंच सांगते, "मीही उचलत नव्हते." बहुतेक जण दार आपटतात. पुढच्या सुट्टीला मी परत जाते.

या खोलीत राहायला आले त्या दिवशी पहिलं काम काय केलं सांगते. सामान खाली ठेवायच्या आधी खालच्या लूमवाल्याकडून पेचकस मागून आणला आणि दाराची बाहेरची कडी काढून टाकली. लाकडात स्क्रूची भोकं अजून दिसतात. आता या खोलीला बाहेरून कुलूप लावता येत नाही. घरमालक ओरडला, चोर येतील म्हणाला.

येऊ देत. न्यायला आमच्याकडे काही नाही, आणि आयला न्यायचं तर आत मी आहे.